बाबासाहेबांनी इंग्रजी कशी कमावली
(कायदा शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी)

कन्हान नदीच्या काठी वसलेले कामठी हे आपले गाव इंग्रजांच्या छावणीमुळे वाढले. १८२१ साली येथे छावणी पडली. पलटणी आल्या, त्यांच्याबरोबर नोकरचाकर आले, बाजार आला, पुढे रेल्वे आली. विडीचे कारखाने निघाले आणि आपल्या समाजातील हजारो हात विड्या वळू लागले. गावात इंग्रजी बोलणारे साहेब होते, पण त्यांची भाषा आपल्या वस्तीत आली नाही. कोर्टाचे समन्स आले, सावकाराची नोटीस आली, की ते कागद हातात धरून वाचणारा माणूस शोधत फिरावे लागे. कागदात काय लिहिले आहे ते दुसऱ्याने सांगायचे आणि आपण खाली अंगठा उठवायचा, असा तो काळ होता.

आज त्याच घरांतील नातवंडे-पतवंडे नागपूरला जाऊन वकिलीचे शिक्षण घेत आहेत. ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु या मुलामुलींशी बोलताना एक दुखणे वारंवार ऐकू येते. दहावी-बारावीपर्यंतचे शिक्षण मराठीत झालेले असते. कायद्याची पुस्तके आणि निकालपत्रे इंग्रजीत असतात. राज्यघटनेच्या कलम ३४८ प्रमाणे उच्च न्यायालय व सर्वोच्च न्यायालय यांचे कामकाज इंग्रजीतच चालते. मग मुलगा हुशार असूनही वर्गात मागच्या बाकावर बसतो. मुलीला मुद्दा कळलेला असतो, पण चार ओळी लिहिताना तिचा हात अडखळतो. हळूहळू दोघांच्याही मनात बसते, की इंग्रजी ही मोठ्या घरची मालमत्ता आहे आणि ती आपल्या वाट्याला आलेली नाही.

अशा प्रत्येक विद्यार्थ्यापुढे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र एका वेगळ्या बाजूने ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. बाबासाहेब विद्वान होते हे आपण सर्व जण म्हणतो. पण त्यांनी इंग्रजी कशी शिकली, लिहिण्याचा हात कसा तयार केला आणि त्या लेखणीतून आपल्या समाजाला काय मिळाले, हे तपशिलाने फार थोडे लोक सांगतात.

बापाने घातलेला पाया

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. महू हेही कामठीसारखेच छावणीचे गाव. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे पलटणीच्या शाळेत मुख्याध्यापक होते. कंपनी सरकारच्या लष्करात शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना शिकवण्याची सक्ती होती, म्हणून गावकुसाबाहेरच्या या कुटुंबात अक्षरे आली. पुढे महार जातीची लष्करभरती बंद झाली आणि तो दरवाजा लागला. परंतु रामजींच्या घरात जी विद्या आली होती ती बाहेर गेली नाही.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव साताऱ्याच्या इंग्रजी शाळेत दाखल झाले. वर्गात त्यांना इतरांपासून वेगळे बसावे लागे, तहान लागली तर दुसऱ्याने वरून पाणी ओतेपर्यंत थांबावे लागे, हे आपल्याला ठाऊक आहे. या शाळेच्या जोडीला घरी दुसरी शाळा चालत असे. रामजी मुलाकडून हॉवर्डसाहेबाची इंग्रजी पुस्तके पाठ करून घेत. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतील पाठ सोडवून घेत. मराठी वाक्याचे इंग्रजी करायचे, इंग्रजीचे मराठी करायचे, नेमका शब्द सापडेपर्यंत थांबायचे, हा रोजचा अभ्यास होता.

वाचकहो, येथे थोडे थांबून विचार करा. बाबासाहेबांची इंग्रजी केवळ शाळेतून आली नाही, ती भाषांतरातूनही आली. म्हणजे मराठीचा हात धरून ती आली. मराठीत शिकलेल्या विद्यार्थ्याने मराठीला अडचण समजण्याचे कारण नाही. दोन भाषांत एकच गोष्ट नेमकेपणाने मांडता येणे हे वकिलाचे रोजचे काम आहे. अशील आपली हकीकत वऱ्हाडी-नागपुरी बोलीत सांगतो आणि वकिलाला ती कायद्याच्या भाषेत उतरवावी लागते. मराठीवर ज्याची पकड आहे तो हे काम अधिक चांगले करील.

साताऱ्याहून कुटुंब मुंबईला आले. परळच्या चाळीत एका खोलीत सगळा संसार होता. रामजी मुलाला लवकर झोपवीत आणि पहाटे दोनच्या सुमारास उठवून अभ्यासाला बसवीत, कारण त्या वेळेसच खोलीत शांतता मिळे. मुलाने पुस्तक मागितले आणि पैसे नसले, तर हा बाप लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन त्यांचा दागिना मागून आणी, तो गहाण ठेवी आणि पुस्तक घेऊन येई. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. आजच्या हिशेबाने हे गुण कमी वाटतील. गुणपत्रिका पाहून खचणाऱ्या विद्यार्थ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. त्या वेळी झालेल्या सत्काराच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले भगवान बुद्धांचे चरित्र त्यांना भेट दिले. बुद्धांची ओळख करून देणारे ते पुस्तक मराठीत होते, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

वाचन, टिपणे आणि पुन्हा लेखन

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ साली एम. ए. झाले. मे १९१६ मध्ये त्यांनी भारतातील जातींची उत्पत्ती आणि रचना या विषयावरचा निबंध एका चर्चासत्रात वाचला. पंचवीस वर्षांचा हा तरुण परक्या देशात, परक्या भाषेत, विद्वानांपुढे उभा राहून सांगत होता, की जातीच्या आतच लग्न करण्याची सक्ती हे जातीचे मूळ आहे. त्या निबंधाची ठेवण आजही पाहण्यासारखी आहे. आधी दुसऱ्यांच्या व्याख्या दिल्या आहेत. त्या कोठे अपुऱ्या पडतात ते दाखवले आहे. मग स्वतःची व्याख्या दिली आहे आणि शेवटी त्या व्याख्येवरून निघणारे निष्कर्ष एकामागून एक मांडले आहेत. चांगल्या युक्तिवादाची बांधणी अशीच असते.

१९१६ साली ते लंडनला गेले. अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये त्यांनी नाव दाखल केले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. त्यांचे सामान वेगळ्या बोटीने येत होते. महायुद्धात ती बोट बुडवली गेली आणि पुस्तकांबरोबर त्यांची हस्तलिखितेही समुद्राच्या तळाशी गेली. लिहिलेले सर्व गमावलेला माणूस पुन्हा लिहायला बसला, ही गोष्ट वहीचे एक पान फाटले तर अभ्यास सोडणाऱ्याने वाचावी.

१९१९ साली साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांच्या राजकीय हक्कांबद्दल लेखी निवेदन दिले आणि साक्षही दिली. १९२० च्या ३१ जानेवारीला मूकनायक हे मराठी पाक्षिक सुरू केले. येथून पुढे त्यांच्या दोन लेखण्या बरोबरीने चालल्या. सरकारशी, न्यायालयाशी आणि जगाशी बोलायचे ते इंग्रजीत, आणि आपल्या माणसांशी बोलायचे ते मराठीत. इंग्रजी आली म्हणून त्यांनी मराठी टाकली नाही. बहिष्कृत भारत, जनता, प्रबुद्ध भारत ही पत्रे याची साक्ष देतात.

१९२० साली स्वतः जमवलेल्या आणि उसनवारीच्या पैशावर ते पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सकाळी दार उघडताना आत जावे आणि बंद होताना बाहेर यावे, हा त्यांचा क्रम होता. जेवणाची आबाळ होई. १९२२ साली ते बॅरिस्टर झाले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांच्या प्रबंधाला परीक्षकांनी पहिल्या खेपेस मान्यता दिली नाही, मांडणी बदलून पुन्हा सादर करावयास सांगितले. बाबासाहेबांनी निष्कर्ष सोडला नाही, मात्र प्रबंध पुन्हा लिहून काढला. १९२३ साली त्यांना डी. एस्सी. पदवी मिळाली. आपले लिखाण गुरुजींनी लाल शाईने भरून परत दिले तर त्यात अपमान नाही. एवढ्या मोठ्या विद्वानालाही पुन्हा लिहावे लागले होते. लिहिणे म्हणजे मुख्यतः पुन्हा लिहिणेच होय.

सनद मिळाली, पण कामे मिळेनात

१९२३ साली त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. सनदेचे पैसे भरण्यासाठी नवल भथेना या पारशी मित्राने मदत केली. उच्च न्यायालयात त्या काळी बॅरिस्टरला काम सॉलिसिटरांकडून मिळे, आणि ते सॉलिसिटर एका अस्पृश्याला काम देईनात. तेव्हा बाबासाहेबांनी जिल्ह्यांच्या व तालुक्यांच्या न्यायालयांत गोरगरिबांची कामे घेतली. १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून संसार चालवला. १९२८ साली ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक झाले आणि १९३५ साली त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले. ज्याला शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला नव्हता, तो मुंबई इलाख्यातील भावी वकिलांचा आणि न्यायाधीशांचा गुरू झाला.

प्राचार्य असताना १९३६ साली त्यांनी कॉलेजच्या मासिकात कायद्याच्या शिक्षणात कोणत्या सुधारणा हव्यात यावर एक लेख लिहिला. वकिलाला कायद्याची मूलतत्त्वे पक्की हवीत, इतर विषयांचे ज्ञानही हवे, आणि विषय क्रमवार, स्पष्ट व नेमक्या शब्दांत मांडण्याची कला हवी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. म्हणजे कलमे पाठ असणे पुरेसे नाही, ती मांडता आली पाहिजेत, हे त्यांनी शिक्षक म्हणून सांगून ठेवले आहे. आजच्या लॉ कॉलेजांत मसुदालेखन आणि कैफियत-लेखन असे वेगळे विषय असतात. ते गुण मिळवून देणारे सोपे विषय समजून कोणी टाळू नयेत.

चवदार तळ्याचा दावा : लेखणीची लढाई

महाडचा सत्याग्रह आपण दरवर्षी साजरा करतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पण त्यानंतर दहा वर्षे त्या पाण्यासाठी न्यायालयात जी लढाई चालली, ती आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. कायद्याच्या विद्यार्थ्याने ती मुद्दाम अभ्यासावी.

१२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या सवर्णांनी बाबासाहेब व त्यांचे सहकारी यांच्याविरुद्ध दिवाणी दावा लावला. तळे आमच्या खाजगी मालकीचे आहे, आणि पूर्वापार वहिवाटीप्रमाणे अस्पृश्यांना तेथे जाता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दोनच दिवसांत न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. डिसेंबरअखेर हजारो सत्याग्रही महाडला जमले असताना बाबासाहेबांनी तो हुकूम मानला. मोडून टाकावा असे अनेकांना वाटत होते. पण ही लढाई कागदावर जिंकता येईल याची त्यांना खात्री होती.

आता त्या दाव्यातील प्रश्न पाहा. तळे खाजगी आहे, की नगरपालिकेच्या मालकीचे? नगरपालिकेचे असेल, तर अस्पृश्यांना मनाई करणारी वहिवाट कायद्याने मान्य होईल अशी आहे काय? वहिवाट कायद्यात टिकायची तर ती अत्यंत प्राचीन आणि निश्चित असावी लागते, आणि ती सिद्ध करण्याचा भार जो ती सांगतो त्याच्यावर असतो. पूर्वी अस्पृश्य तळ्यावर जात नव्हते एवढे दाखवून भागत नाही. कोणी एखाद्या ठिकाणी गेला नाही, म्हणून दुसऱ्याला त्याला अडवण्याचा हक्क उत्पन्न होत नाही. या बारीक भेदावर सगळा दावा उभा होता. असा भेद शब्दांत मांडता आला तरच न्यायाधीशाला तो दिसतो.

८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. ठाण्याच्या अपिलात १९३३ साली तो कायम झाला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड यांनी वादींची वहिवाट प्राचीन असल्याचे सिद्ध होत नाही असे ठरवून त्यांचे अपील फेटाळले. सत्याग्रहाने जे पाणी हाती घेतले होते, ते या निकालाने कायद्याने आपले झाले. हे निकालपत्र लहान आहे आणि त्याची भाषा सरळ आहे. इंग्रजी निकालपत्र वाचायला कोठून सुरुवात करावी असे जो विचारील, त्याने येथून करावी. गोष्ट आपल्याला ठाऊक असते, त्यामुळे शब्द आपोआप उलगडत जातात.

बाबासाहेब कामठीला आले तेव्हा

१९३२ साल आले. मताधिकार ठरवणाऱ्या लोथियन समितीचे बाबासाहेब सभासद होते. त्या समितीला त्यांनी मे महिन्याच्या १ तारखेला आपले वेगळे टिपण दिले. दलित वर्ग कोणाला म्हणायचे, हा त्यातील कळीचा प्रश्न होता. व्याख्या सैल केली तर इतर मागास जाती त्यात येतात आणि अस्पृश्यांचे हक्क पातळ होतात. व्याख्या फार आवळली तर कित्येक प्रांतांत अस्पृश्य कोणी उरतच नाहीत असा कांगावा करता येतो. बाबासाहेबांनी अस्पृश्यता ही कसोटी धरून ठेवली. एका शब्दाच्या व्याख्येवर लाखो माणसांची मते अवलंबून होती.

त्यानंतर आठवडाभरातच, ७ मे १९३२ रोजी, आपल्या कामठीत अखिल भारतीय दलित काँग्रेसचे अधिवेशन भरले. मद्रासकडील मुनिस्वामी पिल्ले अध्यक्ष होते आणि स्वागताध्यक्ष होते कामठीचे बाबू हरदास एल. एन. बाबासाहेब स्वतः आले होते. राजा-मुंजे करार संयुक्त मतदारसंघ आणू पाहत होता, त्याला या अधिवेशनाने विरोध केला आणि स्वतंत्र मतदारसंघाची मागणी उचलून धरली.

बाबू हरदास यांचे नाव आपण जय भीम या अभिवादनासाठी घेतो. ते मॅट्रिकपर्यंत शिकलेले होते. पण रात्रीची शाळा, वाचनालय, विडी कामगारांची संघटना आणि महारठ्ठा हे पत्र अशी कामे त्यांनी तरुणपणीच केली. गोलमेज परिषदेच्या वेळी अस्पृश्यांचा खरा प्रतिनिधी कोण असा वाद उठला, तेव्हा त्यांनी ब्रिटिश पंतप्रधान मॅक्डोनल्ड यांना तार पाठवून बाबासाहेबांना पाठिंबा कळवला आणि इतर पुढाऱ्यांकडूनही तारा पाठवविल्या. तारेत प्रत्येक शब्दाला पैसे पडत. थोडक्या शब्दांत नेमके लिहिणे ही गोष्ट आपल्या गावाला नवीन नाही. १९३९ साली, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, क्षयाने हा तरुण गेला.

घटनेचा मसुदा

२९ ऑगस्ट १९४७ रोजी घटना समितीने मसुदा समिती नेमली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. बेनेगल नरसिंह राव यांनी आधीचा कच्चा मसुदा तयार केला होता आणि एस. एन. मुखर्जी हे मुख्य मसुदाकार होते. या दोघांच्या कष्टांचे श्रेय बाबासाहेबांनी भर सभागृहात दिले. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. प्रत्येक दुरुस्ती ऐकून घ्यायची, ती स्वीकारली तर कोणत्या दुसऱ्या कलमाला बाधा येते हे पाहायचे, नाकारायची तर कारण द्यायचे, हे काम त्यांनी प्रकृती ढासळलेली असताना केले. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी ३९५ कलमांची घटना स्वीकृत झाली.

त्यातील कलम १७ घ्या. अस्पृश्यता नष्ट केली आहे, तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण निषिद्ध आहे, आणि तिच्यातून निघणारी कोणतीही निःसमर्थता लादणे हा कायद्याने शिक्षापात्र गुन्हा होईल, एवढाच त्याचा आशय. अस्पृश्यता म्हणजे काय याची व्याख्या घटनेत दिलेली नाही. घटना समितीत के. टी. शहा यांनी ही उणीव दाखवली होती. नझिरुद्दीन अहमद यांनी दुसरे शब्द सुचवले, ते सभागृहाने स्वीकारले नाहीत. व्याख्या दिली असती तर तिच्यातून पळवाट काढणारेही निघाले असते. कोणत्याही स्वरूपातील या शब्दांनी ती वाट अडवून ठेवली आहे. लोथियन समितीत व्याख्येवर अडून बसलेल्या बाबासाहेबांच्या मसुद्यात येथे व्याख्या नाही. व्याख्या कोठे करावी आणि कोठे करू नये हे ज्याला कळते, त्याला मसुदा लिहिता येतो.

शब्द चुकला तर काय होते

कोणी म्हणेल, हे मोठ्या माणसांचे झाले, आम्हा तालुक्याच्या वकिलांना याचा काय उपयोग? तर दोन उदाहरणे पाहा.

पहिले उदाहरण आपल्या धर्मांतराचेच आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाप्रमाणे हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म मानणारा अनुसूचित जातीचा समजला जात नव्हता. १९५६ साली त्यात शीख आले. त्याच वर्षी आपण बुद्धाला शरण गेलो आणि केंद्राच्या सवलतींतून बाहेर पडलो. महाराष्ट्र राज्याने आपल्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राचा आदेश तसाच राहिला. १९९० साली त्या परिच्छेदात बौद्ध हा शब्द आला. एका शब्दासाठी चौतीस वर्षे गेली. तेवढ्यात एक पिढी नोकरीच्या वयातून निघून गेली.

दुसरे उदाहरण अत्याचाराच्या फिर्यादीचे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात जातीवरून अपमान करण्याचा जो गुन्हा आहे, त्यात तो अपमान लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी झालेला असावा लागतो. २०२० साली हितेश वर्मा विरुद्ध उत्तराखंड राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घराच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेली घटना या कलमात बसत नाही असे ठरवले. आता विचार करा. आपला माणूस भर चौकात अपमान सोसून येतो. रडत रडत सगळे सांगतो. लिहिणाऱ्याने अपमान लिहिला, पण कोठे झाला आणि समोर कोण कोण होते हे लिहिले नाही, तर खरी फिर्यादही लंगडी होते. त्या माणसाचे दुःख खरे असते, साक्षीदारही असतात, फक्त कागदावर ते नसतात. येथे लेखनकौशल्य ही परीक्षेतील गुणांची बाब राहत नाही.

विद्यार्थ्यांनी काय करावे

बाबासाहेबांच्या चरित्रातूनच अभ्यासाची रीत निघते. ती थोडक्यात अशी :

१) रोज एक परिच्छेद इंग्रजीतून मराठीत आणि एक मराठीतून इंग्रजीत करावा. घटनेची इंग्रजी व मराठी अशा दोन्ही प्रती मिळतात. एक कलम घ्यावे, स्वतः भाषांतर करावे आणि मग ताडून पाहावे. यासाठी शिकवणीला पैसे लागत नाहीत.

२) आठवड्याला एक निकालपत्र पूर्ण वाचावे. हकीकत काय, वादाचा मुद्दा काय, कायदा कोणता, निकाल काय आणि त्याचे कारण काय, हे पाच भाग स्वतःच्या शब्दांत एका पानात लिहावेत.

३) अर्ज किंवा कैफियत लिहिण्यापूर्वी घटनांचा क्रम तारीखवार मराठीत मांडावा. डोक्यात गोंधळ असेल तर तो कोणत्याही भाषेत गोंधळच राहतो.

४) एका वाक्यात एकच गोष्ट सांगावी. लांबलचक वाक्ये आणि जुने बोजड शब्द म्हणजे कायद्याची इंग्रजी, हा गैरसमज टाकून द्यावा. क्रियापद आणि कर्ता जवळ ठेवावेत. एका गोष्टीला अर्जात सुरुवातीला जे नाव दिले तेच शेवटपर्यंत ठेवावे.

५) लिहिलेले एक दिवस बाजूला ठेवावे, मोठ्याने वाचावे आणि पुन्हा लिहावे.

कामठीच्या विहारांत रविवारी वंदनेनंतर तासभर असे वर्ग चालू शकतात. वरच्या वर्षाच्या मुलांनी खालच्या वर्षाच्या मुलांना शिकवावे. बाबू हरदासांनी विडी वळणाऱ्यांच्या मुलांसाठी रात्रीची शाळा काढली त्या गावाला हे जड जाऊ नये.

शेवटच्या रात्रीपर्यंत

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून पालीतून त्रिशरण-पंचशील घेतले आणि नंतर लाखो बांधवांना धम्मदीक्षा दिली. त्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा मराठीत आहेत. त्यांच्याकडे एकदा मसुदा म्हणून पाहा. क्रमांक घातलेले आहेत. बहुतेक वाक्यांचा कर्ता मी आहे. काय सोडायचे आणि काय धरायचे, यात कोठे संदिग्धता नाही. अंगठा उठवणाऱ्या माणसालाही आपण काय कबूल करीत आहोत हे कळत होते. जगातील मोठ्या घटनेचा मसुदा ज्या हाताने तपासला, त्याच हाताने हा मसुदा लिहिला. भगवान बुद्धांनीही आपली वचने वैदिक छंदांत बसवण्याची दोन भिक्खूंची विनंती नाकारून लोकांच्या आपापल्या भाषेत धम्म शिकवण्याची मुभा दिली होती, असे विनयपिटकात आले आहे.

बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ मात्र त्यांनी इंग्रजीत लिहिला, कारण तो जगापुढे ठेवायचा होता. त्याचे खंड, भाग आणि क्रमांक घातलेली लहान लहान वाक्ये पाहिली, की हा ग्रंथ एका बॅरिस्टराने लिहिला आहे हे लक्षात येते. इंग्रजी शिकू पाहणाऱ्या बौद्ध विद्यार्थ्याला याहून चांगले पाठ्यपुस्तक मिळणार नाही. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री, डोळे आणि पाय साथ देत नसताना, त्यांनी या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद मागून घेतले. ६ डिसेंबरच्या सकाळी ते आपल्यात नव्हते. ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला.

वाचकहो, आपल्या घरातील मुलगी किंवा मुलगा कायदा शिकत असेल, तर हा लेख त्यांच्या हाती द्या आणि त्यांना टेबल-खुर्ची नसली तरी पहाटेची शांतता द्या. रामजी सुभेदारांनी एवढेच दिले होते. उद्या कामठीच्या एखाद्या गरीब माणसाच्या हातात कोर्टाचा कागद येईल, तेव्हा तो वाचून दाखवणारा आणि त्याचे उत्तर लिहिणारा त्याच्याच वस्तीत असावा.

जय भीम! नमो बुद्धाय!